हिल्काचं सोनेरी हेल्मेट

फिनलंडमधल्या आमच्या राउताकोस्की गावात हिल्का नुर्मेलाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्याशी पोटभर बोललाय असाही सापडायचा नाही. वाटेत भेटली तर पाऊस असेल तेव्हा "पाऊस" म्हणणार, थंडी असेल तेव्हा "थंडी" म्हणणार, मान हलवणार आणि सायकल रेटत पुढे. फक्त वर्षातून एकदा, शरद ऋतूतल्या पहिल्या घरच्या सामन्याला, ती सायकल थेट आइस हॉलच्या दाराशी आणायची. पुढच्या टोपलीत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं सोनेरी हेल्मेट. तेवढी एक संध्याकाळ दारातली माणसं बाजूला होऊन तिला वाट द्यायची.

मी त्या हॉलमध्ये कॉफी आणि सॉसेज विकायचे. बरंचसं काउंटरमागून पाहिलंय. उरलेलं हिल्कानेच सांगितलं, तुटक तुटक, मध्ये खिडकीबाहेर बघत.

ती कागद कारखान्याच्या वसाहतीत जन्मली. शाळा सुटल्यावर कारखान्याच्या रंगखात्यात लागली आणि पाट्या रंगवू लागली. "धोका." "वाकून चला." "हात आत घालू नये." तिची अक्षरं इतकी देखणी, की लोक म्हणायचे, हिल्काचा "धोका" वाचायला मुद्दाम थांबावंसं वाटतं.

१९६७च्या हिवाळ्यात कारखान्याचा आइस हॉकीचा संघ नदीकाठच्या उघड्या रिंगणात खेळायचा. त्यात ताउनो नावाचा एक आरा चालवणारा होता. बर्फावर तो असा पळायचा, की पाठलाग करणारे दमून शिव्या द्यायला लागायचे. फक्त डोक्याला लोकरीची टोपी. हेल्मेट त्याला बायकी वाटायचं. एकदा पक, खेळाची ती कडक रबरी चकती, कपाळावर बसला, टोपीतून रक्त गळायला लागलं, तरी गडी खेळतोच आहे.

फोरमन आर्नेने त्याला रिंगणाच्या कडेच्या फळीशी धरला. "ताउनो, डोक्यात काहीतरी घाल."

"घातलंय की. आईने विणलंय."

"आणि कवटी फुटली तर तीही आईच विणणार का?"

"आईचा हात चांगला आहे."

आर्ने तडक रंगखात्यात आला. "पोरी, ह्या गाढवासाठी असं हेल्मेट करून दे, की हा ते डोक्यावरून काढणारच नाही."

हिल्काकडे चर्चच्या घड्याळाचे आकडे रंगवून उरलेला सोनेरी रंग होता. तिने पांढऱ्या हेल्मेटवर तो दोन हात चढवला. हंगामाचा शेवटचा सामना संपल्यावर सगळे साउनात, म्हणजे लाकडी वाफघरात, बसले, घामाघूम, उघडेवाघडे. आर्नेने हुकूम सोडला: "प्रत्येकाने एक नाव घ्यायचं. संघाचा सगळ्यात कामाचा गडी कोण? स्वतःचं नाव घेणाऱ्याला बर्फात बाहेर काढणार." नावं ताउनोचीच आली. पुढचा अख्खा हंगाम त्याने सोनेरी हेल्मेट घालायचं ठरलं. आणि रंगवलंय जिने, तिनेच सगळ्यांसमोर ते त्याच्या डोक्यावर चढवायचं, असंही आर्नेने ठरवून टाकलं. आर्नेला बाकीचंही दिसत असावं.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला, रिंगणात, हिल्काने त्याच्या हनुवटीखाली पट्टा बांधला. 

"घट्ट झालं का?"

"नाही."

"मग श्वास का धरलायस?"

रिंगणाभोवतीची माणसं अशी हसली, की बाहेर बांधलेल्या घोड्यांनी कान टवकारले. उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं.

आमच्या गावच्या मानाच्या बक्षिसाची सुरुवात ही एवढीच. बाकीच्या गावांत चषक असतात, ढाली असतात. आमच्याकडे डोकं वाचावं म्हणून केलेलं हेल्मेट होतं. दर वसंतात साउनात नावं घेतली जायची, दर शरदात हिल्का रंग नवा करून आणायची. पुढे पक्का हॉल झाला, लाल गालिचा आला, माइक आला. हिल्का माइकवर विचारायची, "घट्ट झालं का?" खेळाडू म्हणायचा, "नाही!" आणि अख्खा हॉल ओरडायचा, "मग श्वास का धरलायस?" लहान पोरंसुद्धा ओरडायची. लग्नात नवऱ्यामुलाला टाय बांधतानाही आमच्याकडे हेच विचारतात.

पण सोनेरी रंग लांबून दिसतो, आणि तो दुसऱ्या गावांनाही दिसायचा. "सोनं कुठाय? सोन्याला धरा!" त्यांच्या बाकांवरून हाक यायची. जो सगळ्यात कामाचा, त्यालाच फळीवर चेपायचं, म्हणजे काम झालं. वसंतात हेल्मेट हिल्काच्या टेबलावर परत यायचं तेव्हा कानशिलावरचा रंग उडून पांढरं प्लास्टिक दिसत असायचं. ती पुन्हा रंगवायची. आर्ने तोवर वारला होता, आणि हे हेल्मेट कशासाठी केलं होतं ते तिच्याशिवाय कुणाला आठवत नव्हतं.

ताउनोने ते तीनदा घातलं. त्याच्यानंतर इल्मोने घातलं. इल्मो हल्ली उन्हाळाभर लाकडाच्या खोपीत बसून असतो, उजेड सहन होत नाही म्हणतो. काउकोनेही घातलं. त्याचं लाहती शहरात गालिच्यांचं दुकान आहे, चेहऱ्यावर लाली आहे, पाठोपाठच्या आकड्यांची बेरीज तोंडी करतो. त्यामुळे हिल्काने ह्या डोक्यांबद्दल कधी तोंड उघडलंच, तर गाव एका सुरात म्हणायचं, "आणि काउको? काउकोला काय धाड भरलीय?"   ताउनोचं डोकं हॉकीने गेलं की वयाने, असं तिने विचारल्यावर डॉक्टरांनी नुसता चष्मा पुसला होता.

ताउनोचं डोकं मात्र गेलं होतं. आधी राग आला. ज्या माणसाने कधी कुत्र्यालाही हाड म्हटलं नव्हतं, त्याने एकदा सुपाचं भांडं भिंतीवर फेकलं. मग रस्ते गेले, मग नावं. आता तो वृद्धाश्रमात असतो आणि बुटांच्या नाड्या स्केटसारख्या करकचून बांधतो. दिवसभर. बांधतो, सोडतो, बांधतो.

तिथली नर्स रोज विचारते, "ताउनो, सकाळी काय खाल्लं?"

"लापशी."

"शाब्बास! बघा, आठवतंय त्यांना."

हिल्कालाही आधी तसंच वाटायचं. मग एका वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला ती गेली. सणाचा दिवस, सगळ्यांच्या बशीत साखरेत घोळवलेले तळलेले गोळे. ताउनोच्या मिशीला साखर लागलेली.

"सकाळी काय खाल्लं?"

"लापशी," ताउनो म्हणाला.

तेव्हा हिल्काला कळलं. तो आठवून सांगतच नव्हता. बहुतेक दिवशी बरोबर ठरणारं एक उत्तर त्याने धरून ठेवलं होतं.

आता आर्तू. आर्तू तिचा नातू. त्याची आई नॉर्वेत नोकरीला, म्हणून तो लहानपणापासून आजी-आजोबांकडेच वाढला. आजोबांचं पळणं त्याच्यात उतरलं होतं. बावीस वर्षांचा आर्तू त्या वसंतात संघात सगळ्यात जास्त गोल करून साउनात बसला, आणि एक सोडून सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. सोडलेला एक तो स्वतः.

तो घरी नाचत आला. हिल्का बटाटे सोलत होती.

"आजी, सोनं आपल्या घरात परत आलं!"

"नको घेऊ."

"काय?"

"सांग त्यांना, नको म्हणावं."

"नको कसं म्हणायचं? आजवर कुणी म्हटलंय?"

त्या हिवाळ्यात त्याच्या डोक्याला दोनदा मार बसला होता. दोन्ही वेळा तो साउनाबाहेरच्या खोलीत पडदे ओढून पडून राहिला, उलट्या केल्या, आणि आजीच्या हातापाया पडला: कुणाला सांगू नकोस. संघाचे लोक मार बसल्यावर प्रश्न विचारायचे. आज वार कोणता, समोर कोणता संघ, आपण कुठल्या हॉलमध्ये आहोत. पोरं ती उत्तरं बर्फावर उतरण्याआधीच घोकून ठेवायची. आर्तूही घोकायचा, दात घासताना, मोठ्याने. हिल्काने ते ऐकलं होतं आणि ती गप्प बसली होती. आमच्याकडे घरातली गोष्ट बाहेर नेत नाहीत. जीव गेला तरी नेत नाहीत.

पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी तिने ओव्हनमध्ये गोड जाड घावन केलं, वर दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा. पोराचा मानाचा दिवस; तिला काहीही वाटत असलं तरी दिवस त्याचा होता. आर्तूने अर्धा तवा संपवला, चमचा चाटला, बरणीत बोट घातलं.

"आजी, आज ताम्पेरेहून माणूस येतोय मला बघायला. मोठ्या संघाचा! आज चांगला खेळलो, तर तुला ताम्पेरेत लिफ्टवाल्या घरात ठेवतो."

"लिफ्टमध्ये मला गरगरतं."

"मग लिफ्टशेजारी ठेवतो."

आणि हसत हसत सकाळच्या सरावाला गेला.

दुपारी परत आला तेव्हा बूट न काढता आत आला. फिनलंडमध्ये वाढलेलं पोर, आणि बूट न काढता आत. हिल्काच्या हातातला रंगाचा ब्रश तिथेच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. आजी, सामना किती वाजता?"

"पाचला."

तो खुर्चीत बसला. भिंतीकडे बघत राहिला. "आजी, सामना किती वाजताय?"

"आत्ता सांगितलं ना."

"हो हो. पाचला." त्याने भिंतीवरची नजर बुटांवर आणली. "किती वाजता म्हणालीस?"

"कुणाची धडक बसली?"

"कुणाची नाही. पाय घसरला. आजी, तोंड बंद ठेव. आजच्या दिवस ठेव. तुझ्या पाया पडतो."

"आर्तू, आजोबांकडे बघ."

"काउकोकडे बघ!" तो ओरडला, आणि ओरडल्याबरोबर डोकं दोन्ही हातांत धरून खाली वाकला.

तो आतल्या खोलीत जाऊन पडला. हिल्काने आयुष्यात पहिल्यांदा घरातली गोष्ट बाहेर नेली. प्रशिक्षक पासीला फोन लावला.

"पासी, पोराच्या डोक्याला लागलंय."

"अहो हिल्काकाकू, सरावात थोडा आपटला तो. सगळं विचारलं मी. वार, गाव, समोरचा संघ. फटाफट उत्तरं दिली त्याने."

"ती त्याला पाठ आहेत."

"पाठ आहेत म्हणजे डोकं चालतंय ना?"

"पासी, तो मला तेच तेच विचारतोय."

"टेन्शन हो. ताम्पेरेचा माणूस येतोय, मलाही सकाळपासून तीनदा जाऊन यावं लागलंय. तुम्ही हेल्मेट तेवढं वेळेवर आणा. आणि काकू, ऐका... पोराच्या पायावर तुम्हीच धोंडा घालू नका."

तिने फोन ठेवला. मग पत्र्याचा खरवडा घेतला आणि साउनाच्या पायरीवर बसून हेल्मेटवरचा सोनेरी रंग काढायला लागली. थरावर थर होते. ह्या वर्षीचा, गेल्या वर्षीचा, त्याच्याही आधीचा. सोन्याचे कपचे तिच्या मांडीवर पडत होते. दिसलंच नाही, तर त्याला शोधतील कसे? एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. बाई आयुष्यभर रंगाने बोलत आली होती. तिला दुसरं काही सुचलं नाही.

हॉलमध्ये तिने अभ्रा उघडला आणि पासीचा चेहरा उतरला.

"हे काय? पांढरं?"

"रंग संपला."

"पन्नास वर्षांत संपला नाही तो?"

"आज संपला."

पासीने इकडे तिकडे बघितलं. माझ्या काउंटरवर नाताळच्या सजावटीची खोकी पडली होती, त्यात पाइनच्या शंकूंवर मारायचा सोनेरी फवारा होता. त्याने तो उचलला आणि तिथेच, सॉसेजच्या वाफेत, फस्स फस्स करून हेल्मेट दोन मिनिटांत सोन्याचं केलं. हिल्का बघत राहिली. मग त्याने ते ओलंच तिच्या हातात ठेवलं. "चला. माणसं थांबलीयत."

दिवे मंद झाले. लाल गालिच्यावर ती चालत गेली, जुन्या कोटाला बटण नाही, पायात नेहमीचे रबरी बूट. समोर आर्तू उघड्या डोक्याने. हॉल गच्च. पहिल्या रांगेत राखाडी कोटातला ताम्पेरेचा माणूस, मांडीवर माझ्याकडचीच कॉफी.

हिल्काने हेल्मेट उचललं. अख्ख्या हॉलने श्वास भरून घेतला, कारण पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं. ती माइककडे वळली.

"आर्तू," ती म्हणाली, "आज सकाळी माझ्याकडे काय खाल्लंस?"

काही जण "मग श्वास का" पर्यंत ओरडले आणि थांबले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारी वाक्य विसरली की काय?

आर्तू हसला. हसू तसंच ठेवून तो आठवायला लागला. ते मी काउंटरवरून बघितलं: चेहरा हसतोय आणि डोळे मागे कुठेतरी हात चाचपडत फिरतायत, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसे.

"लापशी!" तो म्हणाला.

हॉल खदखदून हसला. टाळ्या पडल्या. कुठली आजी लापशी देत नाही? वरून कुणीतरी ओरडलं, "लोणी घातलं होतंस ना गं, हिल्का?" पुन्हा हशा. ताम्पेरेचा माणूससुद्धा हसला.

हिल्का हसली नाही. ती एकदम खाली गेली, आणि मला वाटलं पडली. पण ती पडली नव्हती, बसली होती. गालिच्याच्या कडेला, बर्फावर, फतकल मारून, सोनेरी हेल्मेट पोटाशी धरून.

पासी साध्या बुटांनी घसरत धावत आला. "काकू, उठा. काकू, हे काय चाललंय?"

"नाही उठणार."

"अहो, सामना सुरू करायचाय!"

"नका करू."

पंच आले. ते भले गृहस्थ, कमरेत वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही बर्फावर आहात तोवर मला शिट्टी वाजवता येत नाही."

"ते मला माहितीय," हिल्का म्हणाली.

तेव्हा शिट्ट्या प्रेक्षकांतून सुरू झाल्या. "उचला म्हातारीला!" "पोराच्या मुळावर उठलीय!" एक कागदी पेला बर्फावर येऊन पडला, मग आणखी एक. पन्नास वर्षं ज्यांनी तिला वाट दिली, त्यांचेच हात. ती मान खाली घालून बसून राहिली. ओला रंग तिच्या तळव्यांना लागला होता, आणि ज्या हाताने तिने बर्फावर टेकू घेतला होता तिथे सोनेरी पंजा उमटला होता.

आर्तू तिच्यासमोर उकिडवा बसला. माइकचा दांडा तिच्या कोटात अडकून खाली आला होता. त्यांचं कुजबुजणं हॉलभर ऐकू येत होतं आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

"आजी, ऊठ. माझं वाटोळं होईल."

"होऊ दे."

"तो माणूस बघतोय."

"बघू दे त्याला."

"आजी..." त्याचा आवाज लहान झाला. "लापशीच होती ना?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग काय होतं?"

"घावन. अर्धा तवा संपवलास. बरणीत बोट घातलंस. मला लिफ्टशेजारी ठेवणार म्हणालास."

आर्तू तिच्याकडे बघत राहिला.  त्याने एकदा पहिल्या रांगेकडे बघितलं, एकदा हेल्मेटकडे, आणि मग, स्केट वाकडे पडलेले, तो तिच्या शेजारी बर्फावर बसला.

"उचला दोघांना!" वरून आवाज आला. पासी डोक्याला हात लावून उभा होता. राखाडी कोटातल्या माणसाने पेला बाकाखाली ठेवला, कोटाची बटणं लावली. आर्तूने त्याला उठून जाताना पाहिलं.  त्याने डोकं आजीच्या खांद्यावर टेकवलं.

शिट्ट्या चालूच होत्या. त्यातून त्याचा आवाज आला, झोपेतून उठलेल्या पोराचा असतो तसा.

"आजी, सकाळी काय केलं होतंस गं?"

शिट्ट्या एकेक करत थांबल्या. पासीने डोक्यावरचा हात काढला. एवढा मोठा हॉल, पण बर्फाखालच्या यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"घावन केलं होतं, राजा," हिल्का म्हणाली, त्याने पहिल्यांदाच विचारल्यासारखं. "पिवळ्या मुरंब्याचं."